जुन्या पैलवानांची फडावरची नावे आणि खरी ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा पैलवान होते, घरात एक गदा आणि एक पिवळे पडलेले कुस्त्यांचे पत्रक आहे, पण त्या पत्रकावर आजोबांचे नाव वेगळेच छापले आहे, असे सांगणारी माणसे मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात भेटतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मातीतल्या कुस्तीबरोबरच, मुंबईत तिकीट लावून होणाऱ्या फ्री स्टाइल दंगलींत उतरलेल्या देशी-परदेशी मल्लांविषयीचे प्रश्नही घेतले आहेत, कारण दोन्हीकडची अडचण बरीचशी सारखी आहे.

फडावरचे नाव आणि कागदावरचे नाव वेगळे का असते?

मातीच्या कुस्तीत वेगळे नाव बहुधा कोणी ठरवून घेत नाही, ते लोकांकडून मिळते. तालमीत वस्ताद पोराला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारतात, फडावर निवेदक तेच नाव पुकारतो, यात्रा कमिटीचा माणूस तेच पत्रकात लिहून देतो, आणि दहा वर्षांनी आडनाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरते. पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या व्यावसायिक कुस्तीत मात्र नाव मुद्दाम ठेवले जाते. तेथे आयोजकाला तिकिटे खपवायची असतात, म्हणून कोणी राजा होतो, कोणी राक्षस होतो, तर कोणी न पाहिलेल्या देशाचा रहिवासी होतो. शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या हातातले नाव या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, हे ठरवावे, कारण पहिल्या प्रकारच्या नावात बहुधा एखादी खरी खूण दडलेली असते आणि दुसऱ्या प्रकारच्या नावात ती नसण्याचीच शक्यता अधिक असते.

जुन्या पत्रकावर नावाच्या पुढेमागे छापलेले शब्द कसे वाचावेत?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण निम्मे शोध येथेच चुकतात. पत्रकावरच्या ओळीत साधारणपणे मल्लाचे नाव, मग गाव किंवा तालीम, कधी वस्तादांचे नाव, आणि शेवटी इनामाची रक्कम असते. यातील गावाचा रकाना फसवा आहे. मराठवाड्यातले होतकरू मल्ल पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूर, पुणे किंवा हैदराबादच्या तालमींत राहायला गेले, आणि त्यांच्या नावापुढे गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग असे तालमीचे नाव किंवा नुसते ‘कोल्हापूर’ छापले गेले. असा मल्ल निलंगा किंवा कळंब तालुक्यातला असूनही कागदावर कोल्हापूरचा होतो. पुढे त्याचे नातू कोल्हापुरात त्याचे घर शोधत हिंडतात, आणि कोल्हापूरकरांना त्याचे घराणे माहीत नसते.

‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ हे शब्द मात्र सोन्यासारखे आहेत. वस्तादांचे नाव कमिटीने मानाने छापलेले असते, त्यामुळे त्यात चूक कमी होते, आणि वस्तादांच्या इतर पठ्ठ्यांपैकी कोणी हयात असेल तर तो आपल्या जोडीदाराचे घर, गाव आणि आडनाव अचूक सांगतो. ज्या पोराबरोबर रोज पहाटे माती उकरली, जोर मारले, त्याचे नाव माणूस सहसा विसरत नाही.

गाव आणि आडनाव यांची सरमिसळ हा वेगळाच घोटाळा आहे. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली आणि तो मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. दह्यारी हे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील एका गावाचेही नाव आहे. अशा ठिकाणी हाती आलेला शब्द आडनाव म्हणून छापला आहे की गावाची ओळख म्हणून, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि दोन्ही अंगांनी शोध घ्यावा.

मामा, आबा, अण्णा, नाना, बापू, चाचा ही नावे नव्हेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण छापील याद्यांत ती नावाचा भाग होऊन बसलेली दिसतात. तसेच ‘चाऊस’ या शब्दाचे आहे. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांच्या वंशजांना मराठवाड्यात सरसकट चाऊस म्हणतात. फडावर पुकारलेल्या ‘चाऊस पैलवान’ या नावावरून घराणे कळत नाही. जुन्या कागदात त्या मल्लाची नोंद स्वतःचे नाव, मग ‘बिन’ आणि वडिलांचे नाव अशी शोधावी लागते.

नावापुढे ‘केसरी’ असेल तर ओळख पटणे सोपे जाते ना?

महाराष्ट्र केसरी आणि हिंदकेसरी यांच्या बाबतीत जाते, कारण त्यांच्या विजेत्यांच्या वर्षवार याद्या उपलब्ध आहेत. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये हिंदकेसरी झाले, महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ पासून सुरू झाली. त्यामुळे १९५० च्या आधीच्या मल्लाला कोणी महाराष्ट्र केसरी म्हणत असेल तर ती नंतरच्या पिढीने प्रेमाने दिलेली पदवी समजावी. उपविजेत्याच्या ‘उप’ या अक्षरांचे घरोघरच्या आठवणीत काय होते, हेही ध्यानात ठेवावे. तालुका, जिल्हा आणि यात्रेच्या पातळीवरच्या केसरी पदव्या वेगवेगळ्या कमिट्यांनी दिल्या आहेत, त्यांच्यासाठी त्या त्या गावचे पत्रक किंवा गदेवर कोरलेला मजकूर हाच आधार आहे.

आमच्या भागातला मल्ल परदेशात जिंकला, पण तिकडच्या यादीत त्याचे नाव सापडत नाही. असे का होते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच मातीतले आहे. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९ मध्ये लातूरलाच झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेच्या इंग्रजी पदकयाद्यांत मात्र भारताच्या सुवर्णविजेत्यांमध्ये ‘हरीश राजिंद्र’ असे नाव दिसते. ‘हरिश्चंद्र’चे ‘हरीश’ झाले, ‘बिराजदार’चे पहिले अक्षर गळून उरलेल्या भागाला उत्तरेकडच्या नावाचा आकार आला, आणि आपला मल्ल परक्या यादीत परका होऊन बसला. बिराजदार हे नाव घेऊन ती यादी चाळणारा माणूस निराश होऊन परत येतो. त्याने नावाऐवजी वर्ष, देश आणि पदक या तीन खुणांनी शोधले, तर ओळख काही मिनिटांत पटते.

ही एकटीच चूक नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले रणधीर शिंदे ऑलिंपिकच्या नोंदींत ‘शिंदेस’ म्हणून आढळतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. परदेशी कारकुनाला यातले कोणते कोठे लिहावे ते कळत नाही, आणि ऐकू आलेला उच्चार तो आपल्या सवयीप्रमाणे लिहितो. म्हणून अशा याद्यांत नाव वाचताना ते मोठ्याने उच्चारून पाहावे. डोळ्यांना परके वाटणारे नाव कानाला ओळखीचे लागते.

निजामकाळातील पैलवानाची नोंद कोठे आणि कशी शोधावी?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चालत असे. त्यामुळे येथे तीन अडचणी एकत्र येतात.

पहिली लिपीची. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत आणि ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नाही. ‘काळे’ हे ‘काले’ होतात, ‘चव्हाण’ मधला ‘ण’ ‘न’ होतो, ‘मुंडे’ हे ‘मंडे’ किंवा ‘मिंडे’ असेही वाचता येते. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, सुटलेले असले तर अडचण आणखी वाढते. उर्दू जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घेताना त्याला आपल्याला हवे असलेले आडनाव आधी सांगू नये, कारण मग तेच वाचले जाते. त्याला जे दिसते ते आधी लिहून घ्यावे आणि मग पडताळावे.

दुसरी अडचण सनाची. संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असे. फसली आकड्यात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. फसली १३५० म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. चैत्रातल्या यात्रेची कुस्ती असेल तर त्या वर्षाचा उत्तरार्ध धरावा, म्हणजे १९४१. उत्तर हिंदुस्थानातील फसली गणना वेगळी आहे, तिचा हिशेब येथे लावू नये.

तिसरी अडचण गावांच्या नावांची. अंबाजोगाई कागदात मोमिनाबाद असते, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात बीडचे स्पेलिंग ‘भीर’ असे आणि नांदेडचे ‘नांदेर’ असे वाचले जाईल अशा धाटणीचे आढळते.

प्रत्यक्ष कागद म्हणाल तर गावच्या शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंदवही म्हणजे कोतवाल बुक, आणि जमीन असेल तर १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. संस्थानाचे मोठे दप्तर हैदराबादला तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहे, पण तेथे जाण्यापूर्वी गाव आणि वडिलांचे नाव पक्के हवे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही घराण्याची नावे मिळतात, आणि लातूर, धाराशिवच्या सीमाभागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, येत असतील तर त्यांच्याकडे वंशावळ विचारावी. या वह्यांत माणूस पैलवान होता असे बहुधा लिहिलेले नसते, परंतु त्याचे खरे नाव, वडील आणि भाऊ यांची नावे तेथे असतात, आणि आपल्याला तेच हवे असते.

एकाच मल्लाचा जिल्हा दोन ठिकाणी दोन प्रकारे दिला आहे. हे दोन वेगळे मल्ल समजावेत का?

एवढ्यावरून समजू नये. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये झाला. १९६९ च्या बातमीत निलंग्याचा मल्ल उस्मानाबाद जिल्ह्याचा असणार, आणि १९७५ च्या पत्रकात वसमतचा मल्ल परभणी जिल्ह्याचा. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्याने पुढच्या पिढीसाठी आणखी एक पायरी वाढली आहे. नोंद करताना कागदावर जे छापले आहे ते तसेच लिहावे आणि आजचा जिल्हा शेजारी स्वतंत्र द्यावा.

मुंबईच्या फ्री स्टाइल दंगलींतील किंगकाँग, दारासिंग, रंधावा यांची खरी नावे कोणती?

मराठवाड्यातील अनेक घरांत या दंगलींची जाहिरात किंवा त्यातील मल्लांची छायाचित्रे जपून ठेवलेली असतात, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. किंगकाँग या नावाने गाजलेल्या अवाढव्य मल्लाचे खरे नाव एमिल झाया. त्यांचा जन्म १९०९ मध्ये ब्राशोव येथे झाला. ते शहर तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते, आज रुमानियात आहे, त्यामुळे कोणी त्यांना हंगेरीचे म्हणते आणि कोणी रुमानियाचे. निलंग्याच्या मल्लाला उस्मानाबादचा म्हणावे की लातूरचा, तसाच हा प्रकार आहे. किंगकाँग यांचे निधन १९७० मध्ये सिंगापूरला झाले.

दारासिंग यांचे मूळ नाव दीदारसिंग रंधावा. जन्म १९२८, गाव अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. पत्रकावर नुसते ‘रंधावा’ असेल तर ते दारासिंग नव्हेत, ते त्यांचे धाकटे बंधू सरदारासिंग होत. भावांपैकी एकाने स्वतःच्या नावाचे छोटे रूप घेतले आणि दुसऱ्याने आडनाव घेतले, म्हणून आडनावावरून थोरल्या भावापर्यंत पोहोचणारा चुकतो. १९६८ मध्ये दारासिंग यांनी मुंबईत ज्यांच्यावर विजय मिळवला ते लू थेझ अमेरिकेचे, त्यांचे जन्मनाव अलॉयशियस मार्टिन थेझ. म्हणजे तेथेही ‘लू’ हे फडावरचे छोटे नाव आहे.

एकच नाव दोन-तीन मल्लांनी वापरले असेल तर कोणता मल्ल कोणता, हे कसे ओळखावे?

हे फार घडते आणि त्यात फसवणूकच असते असे नाही. नाव वारशासारखे चालत जाते. थोर गामा म्हणजे गुलाम मोहम्मद बक्ष. १९१० मध्ये लंडनला त्यांची पोलिश मल्ल स्तानिस्लाव झिबिस्कोशी झालेली कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली आणि १९२८ मध्ये पतियाळाला त्याच झिबिस्कोला त्यांनी मिनिटभराच्या आत चीत केले. गामांचा दरारा असा होता की पुढे गावोगावी छोटे गामा झाले. कॅनडातील व्यावसायिक कुस्तीत गाजलेले ‘ग्रेट गामा’ हे गदोवारसिंग सहोता, त्यांचा जन्म १९५४ चा. गामांचे निधन १९६० मध्ये झाले, एवढे एक वर्ष ध्यानात ठेवले तरी १९७५ नंतरच्या जाहिरातीतील गामा कोण नव्हेत हे लगेच कळते.

झिबिस्को हे नावसुद्धा असेच. स्तानिस्लाव झिबिस्को म्हणजे यान स्तानिस्लाव सिगानेविच, आणि त्यांचे बंधू व्लादेक हेही झिबिस्को याच नावाने लढत. पुढे अमेरिकेत लॅरी झिबिस्को झाले, त्यांचे खरे नाव लॉरेन्स व्हिसलर, आणि त्यांचा या भावांशी रक्ताचा संबंध नाही. तसेच ‘स्ट्रँग्लर’ म्हणजे गळा आवळणारा लुईस. एकोणिसाव्या शतकात इव्हान लुईस या नावाने गाजले, आणि नंतर रॉबर्ट फ्रेडरिक यांनी एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस हे नाव घेऊन त्याहून मोठी कीर्ती मिळवली.

अशा वेळी नाव पूर्णपणे बाजूला ठेवावे आणि प्रतिस्पर्ध्यांची यादी करावी. ज्याच्याशी कुस्ती झाली त्याचा काळ आणि वजन ठाऊक असेल, तर आपला मल्ल कोणत्या पिढीचा, हे त्यावरून ठरते. एकाच दिवशी दूरच्या दोन गावांच्या पत्रकांवर तेच नाव असेल तर मल्ल दोन आहेत, किंवा एका पत्रकावरची कुस्ती झालीच नाही. पत्रक हा कुस्ती ठरल्याचा पुरावा आहे, ती झाल्याचा पुरावा दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शोधावा.

महिला मल्लांच्या बाबतीत काही वेगळे करावे लागते का?

त्यांच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी नावापेक्षा विशेषणच अधिक छापले, ही मोठी अडचण आहे. हमीदा बानू या उत्तर प्रदेशातील मल्ल, पण ‘अलिगढची’ या विशेषणाने त्या गाजल्या. १९५४ मध्ये मुंबईत त्यांनी व्हेरा चिस्तिलिन यांना एका मिनिटाच्या आत हरवले, आणि व्हेरा यांची जाहिरात रशियाची अस्वलीण अशी केलेली होती. आपल्याकडच्या यात्रांतील महिला मल्लांचा शोध घेताना माहेरचे नाव, सासरचे नाव आणि दोन्ही गावे असे चार धागे एकदमच धरावे लागतात.

गावातल्या जुन्या माणसांना काय विचारावे?

‘आजोबा कोणत्या साली कुस्ती खेळत?’ असे विचारू नये. साल कोणी सांगत नाही, किंवा आपल्याला बरे वाटावे म्हणून काहीतरी सांगते. ‘पोलीस अॅक्शनच्या आधी की नंतर, बाहत्तरच्या दुष्काळात खुराक कसा भागवला, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ते तालमीत पोरांना शिकवत होते का’ असे विचारावे. १९४८, १९७२ आणि ३० सप्टेंबर १९९३ हे तीन खांब मराठवाड्याच्या प्रत्येक घरात पक्के आहेत. त्यानंतर विचारावे की त्यांचा हुकमी डाव कोणता. ढाक, घिस्सा, धोबीपछाड, कलाजंग, मुलतानी, निकाल यांपैकी कोणत्या डावावर ते कुस्ती करत, हे म्हातारी माणसे हाताने करून दाखवतात, आणि तोच डाव एखाद्या टोपणनावात सापडला तर नाव आणि माणूस जुळतात. मग वस्ताद कोण, जोडीदार कोण, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत शेवटची कुस्ती कोणाशी झाली, हे विचारावे. बोलणाऱ्या माणसाला मध्येच दुरुस्त करू नये. त्याने ज्या शब्दांत सांगितले त्याच शब्दांत लिहून घ्यावे.

छायाचित्रावरून ओळख पटवता येते का?

आधार म्हणून येते, निर्णय म्हणून येत नाही. चेहरे जुळवताना कानाची ठेवण पाहण्याची पद्धत आहे, परंतु पैलवानाचे कान मातीत मोडलेले असतात आणि वीस वर्षांच्या मल्लाचा कान चाळिशीत तसा राहत नाही. त्यापेक्षा छायाचित्राची मागची बाजू पाहावी. स्टुडिओचा शिक्का, गाव आणि शाईने लिहिलेली तारीख तेथे असते. हातातील गदा किंवा ढाल घरात असेल तर तिच्यावरील अक्षरे भिंगातून वाचावीत. चौकटीतून छायाचित्र काढताना कागद फाटण्याची भीती असेल तर काढू नये.

ओळख पक्की झाली असे केव्हा म्हणावे?

एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे एकाच माणसाकडे बोट दाखवतील तेव्हा. घरची आठवण आणि त्याच घराने छापलेला स्मरणिकेतला लेख हे दोन पुरावे नव्हेत, तो एकच आहे. शाळेचे रजिस्टर आणि वस्तादांच्या दुसऱ्या पठ्ठ्याची साक्ष हे दोन आहेत. पुराव्यांत विरोध असेल तर दोन्ही लिहून ठेवावेत. आपल्या गावाला मोठा मल्ल मिळावा म्हणून दुसऱ्या गावाचा मल्ल उचलणे हा त्या दुसऱ्या घरावर अन्याय आहे, आणि तो होताना पाहून मला मनापासून वाईट वाटते.

खोट्या नावाने किंवा मुखवटा घालून लढलेल्या मल्लाचे खरे नाव जाहीर करावे का?

व्यावसायिक कुस्तीत आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा पक्का नियम होता, आणि अनेकांनी तो घरच्यांशीही पाळला. अमेरिकेत राज्याच्या क्रीडा आयोगाकडून परवाना घेताना खरे नाव द्यावे लागे, तसेच जहाजांच्या प्रवासी याद्यांत खरी नावे असत, म्हणून तेथील अनेक ओळखी पुढे उघड झाल्या. आपल्याकडे मल्ल हयात असेल तर त्याची, नसेल तर त्याच्या मुलाबाळांची संमती घ्यावी. त्यांनी नको म्हटले तर नोंद आपल्या वहीत राहू द्यावी.

सापडलेली माहिती कशी लिहून ठेवावी?

एका मल्लासाठी एक पान ठेवावे. वर कागदावरचे नाव, खाली फडावरची सर्व नावे जशी छापली तशी, मग जन्मगाव, तालीम, वस्ताद, आणि प्रत्येक कुस्तीची तारीख, ठिकाण व निकाल. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावर पाहिली ते लिहावे. प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि गाव कधीही गाळू नये, मग तो हरलेला असला तरी. परभणीच्या एखाद्या घरात त्याच माणसाचे नाव कोणी शोधत बसलेले असते, आणि त्यांच्याकडच्या पत्रकावर आपल्या आजोबांचे नाव असते.